औषध कोणत्या भाषेंत द्यावें ?

सरकार एखाद्या धंद्यास परवान्याची अट घालतें, तेव्हां त्या अटीच्या पोटांत एक साधी कबुली असते : हें काम चुकलें तर त्याचें प्रायश्चित्त काम करणारास नव्हे, तिऱ्हाईत माणसास भोगावें लागेल, म्हणून तें कोणाच्याहि हातीं सोंपवितां येत नाहीं. औषधांच्या दुकानांविषयीं ही कबुली आपल्या देशानें बरीच उशिरां दिली. कर्नल चोप्रा यांच्या अध्यक्षतेखालील औषध-चौकशी समितीचा अहवाल १९३१ सालीं बाहेर पडला. औषधें देणाऱ्यांना शिक्षण असावें व त्यांची नोंदणी व्हावी, अशी शिफारस तिनें केली. पुढें १९४० सालीं औषधांसंबंधीं कायदा झाला, आणि १९४८ सालीं फार्मसी कायदा होऊन औषधविक्रेत्यांची नोंदवही अस्तित्वांत आली. त्या कायद्याचे उपकार मान्य करूनच आम्ही त्याच्यांतील एका उणिवेकडे वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों.

नांव नोंदवितांना हा कायदा काय विचारतो तें पाहावें. उमेदवाराचें वय अठरा वर्षांचें झालें आहे काय. तो या राज्यांत राहतो किंवा धंदा करतो काय. मॅट्रिक किंवा तत्सम परीक्षा उतरला आहे काय. आणि मान्य पदविका अथवा पदवी त्याच्यापाशीं आहे काय. ज्यांच्या हातांत तो औषध ठेवणार त्यांची भाषा त्याला बोलतां येते काय, हा प्रश्न नोंदणीच्या बत्तिसाव्या कलमांत कोठेंहि नाहीं. १९४८ सालीं तो कोणास सुचला नाहीं याचें नवल नाहीं. त्या काळीं औषध देणाराचें मुख्य काम खलबत्त्याचें आणि तराजूचें होतें. तो मिश्रण तयार करी, बाटलींत भरी, आणि मात्रेच्या खुणा कातरलेली कागदाची पट्टी बाटलीवर चिकटवून देई. ती पट्टी निरक्षर माणसासहि वाचतां येत असे. आज खलबत्ता गेला, बाटली गेली आणि ती पट्टीहि गेली. गोळ्या कारखान्यांतून मोजून, पाकिटबंद होऊन येतात, आणि त्या पाकिटांवरील मजकूर बहुधा बारीक इंग्रजी अक्षरांत असतो. मग औषधविक्रेत्याच्या विद्येला दुकानांत उरलें तें काम कोणतें ? चिठ्ठी पारखणें आणि रोग्याशीं बोलणें, हेंच.

हें केवळ आमचें मत आहे असें नव्हे. भारतीय फार्मसी कौन्सिलनें २०१५ सालीं जे व्यवसायविषयक नियम जारी केले, त्यांत रोग्यास किंवा त्याच्या काळजीवाहकास तोंडीं मार्गदर्शन करणें हें नोंदणीकृत औषधविक्रेत्याचें कर्तव्य म्हणून सांगितलें आहे. औषधाचें नांव काय, तें कशासाठीं, किती, कसें व किती दिवस घ्यावयाचें. कोणती खबरदारी घ्यावयाची. कोणते दुष्परिणाम संभवतात. औषध कसें ठेवावयाचें. एखादी मात्रा चुकली तर काय करावयाचें. या सर्व गोष्टी त्यानें सांगावयाच्या आहेत. नियम उत्तमच आहे. परंतु बोलण्याचें कर्तव्य लादावयाचें आणि बोलतां येतें कीं नाहीं हें मात्र पाहावयाचें नाहीं, हा न्याय कोणता ? गाडी हांकण्याचा परवाना देतांना ज्याची दृष्टि तपासली नाहीं अशा सारथ्यासारखी ही गोष्ट झाली.

शिक्षणक्रमाकडे वळलें तर हा विरोध अधिकच स्पष्ट होतो. बी. फार्म. पदवीचें अध्यापन व परीक्षा इंग्रजींतून व्हाव्यात असा नियम आहे. रसायनें आणि त्यांचे गुणधर्म इंग्रजींतून शिकविले जातात याविषयीं आमची तक्रार नाहीं. इंग्रजी वाङ्मयाच्या अध्यापनांत ज्याचें आयुष्य गेलें त्या प्रस्तुत लेखकानें तशी तक्रार केली तर ती कृतघ्नता होईल. परंतु याच अभ्यासक्रमाच्या पहिल्या सत्रांत संभाषणकौशल्य नांवाचा तीस तासांचा एक विषय आहे. त्यांत काय शिकवितात ? मुलाखत कशी द्यावी, भाषण कसें सादर करावें, आणि जोडीच्या प्रात्यक्षिकांत इंग्रजी स्वरव्यंजनांचे उच्चार, प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष कथन, इतकेंच नव्हे तर इंग्रजी अलंकारहि ! उपमा आणि रूपक यांतील भेद जाणणारा औषधविक्रेता आम्हांस व्यक्तिशः फार आवडेल. पण मुळशीहून ससून रुग्णालयांत आलेली म्हातारी जेव्हां हातांत तीन पाकिटें घेऊन दुकानाच्या फळीपाशीं उभी राहते, तेव्हां तिला रूपकाची गरज नसते. यांतली कोणती गोळी अनशापोटीं आणि कोणती जेवल्यावर, एवढेंच तिला हवें असतें.

येथें कोणी म्हणेल, एवढें सांगावयास परीक्षा कशाला ? हें तर कोणालाहि येतें. आम्ही म्हणतों, येत नाहीं. ‘दिवसाआड’ आणि ‘दिवसांतून’ या दोन शब्दांत एका अक्षरसमूहाचा फरक आहे, आणि औषधाच्या मात्रेंत दुपटीचा. इंग्रजींत एकच क्रियापद सांगून भागतें तेथें मराठींत मलम ‘लावणें’ वेगळें आणि ‘चोळणें’ वेगळें. भाजलेल्या कातडीवर चोळलें तर काय होईल हें सांगावयास नको. गोळी गिळावयाची, चावावयाची, चघळावयाची कीं जिभेखालीं धरावयाची, या चार क्रिया आहेत, आणि ‘घ्या’ या एका शब्दानें चारींचाहि घोटाळा होतो. इंग्रजींतील लहानमोठ्या चमच्यांना वेगवेगळीं नांवें आहेत; आमच्या स्वयंपाकघरांत सगळे चमचेच. म्हणून लहान मुलाचें पातळ औषध ‘एक चमचा’ म्हणून सांगणारा माणूस वस्तुतः कांहींच सांगत नाहीं. पांच मिलिलिटरचें माप बाटलीवरील झांकणांत दाखवून देणाराच खरें सांगतो.

ज्या चुकांनीं जीव जातो त्याहि बहुधा अशाच साध्या असतात. संधिवातावर दिलें जाणारें मेथोट्रेक्सेट हें औषध आठवड्यांतून एकदां घ्यावयाचें असतें. तें रोज घेतल्यानें रोगी दगावल्याच्या घटना जगांतील अनेक देशांत नोंदल्या गेल्या आहेत. दमेकऱ्यासाठीं पुडीच्या कॅप्सूल मिळतात. त्या यंत्रांत घालून आंतली पूड श्वासाबरोबर ओढून घ्यावयाची असते, पण दिसण्यांत त्या पोटांत घ्यावयाच्या कॅप्सूलसारख्याच असल्यामुळें त्या गिळणारे लोक आहेत. जलसंजीवनीची मोठी पुडी एक लिटर पाण्यासाठीं असते आणि लहान पुडी २०० मिलिलिटरसाठीं. मोठी पुडी पेलाभर पाण्यांत कालविली तर क्षारांचें प्रमाण भलतेंच वाढतें, आणि जुलाबानें आधींच कोमेजलेल्या तान्ह्या मुलास तेंच पाणी घातक होतें. यांपैकीं एकहि चूक औषधशास्त्राच्या अज्ञानानें होत नाहीं. औषध बरोबर, चिठ्ठी बरोबर, गोळी बरोबर. चुकलें तें वाक्य.

ज्या देशांकडे आमचे पदवीधर आशेनें पाहतात त्या देशांनीं या वाक्याची किंमत केव्हांच ओळखली आहे. इंग्लंडांत २०१५ सालच्या एका आदेशान्वयें औषधविक्रेत्यांच्या नियामक मंडळास इंग्रजीच्या ज्ञानाचा पुरावा मागण्याचा अधिकार मिळाला. त्या मंडळानें आयेल्ट्‌स परीक्षेंत ऐकणें, वाचणें, लिहिणें व बोलणें या चारहि अंगांत सात गुणांची पातळी ठरविली. अमेरिकेंत परदेशी औषधविक्रेत्यांस टोफेल परीक्षेची जी अट पुष्कळ वर्षें होती, तींत तिसांपैकीं वाचनास २२, श्रवणास २१, लेखनास २४ आणि बोलण्यास २६ गुण किमान लागत. सर्वांत कडक कसोटी बोलण्याची, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. पुण्याचा विद्यार्थी लंडनच्या रोग्याशीं बोलतां यावें म्हणून महिनोन्‌महिने शिकवणी लावतो. पुण्याच्या रोग्याशीं बोलतां येतें कीं नाहीं हें मात्र त्यास कोणी विचारलेलेंच नसतें.

आणि तेथें केवळ राज्यकर्त्या भाषेचीच चिंता वाहतात असेंहि नाहीं. कॅलिफोर्निया राज्यांत २०१६ पासून, रोग्यानें मागितल्यास औषध घेण्याच्या सूचना चिनी, कोरियन, रशियन, स्पॅनिश व व्हिएतनामी या भाषांत देण्याचें बंधन दुकानदारांवर आहे. इंग्रजींत ‘एकदां’ या अर्थाचा जो ‘वन्स’ शब्द, तींच चार अक्षरें स्पॅनिश माणूस ‘ओन्से’ अशीं वाचतो, आणि ‘ओन्से’ म्हणजे अकरा. दिवसांतून एकदां घ्यावयाची गोळी त्याच्या वाचनांत दिवसांतून अकरा वेळां होते. हें उदाहरण तेथील वैद्यकीय लेखनांत नेहमीं दिलें जातें.

आतां आक्षेपांकडे वळूं. पहिला आक्षेप असा कीं, ही प्रांतीयतेची भाषा झाली. परप्रांतीयांच्या पोटावर पाय देण्याची ही सुसंस्कृत युक्ति आहे. या आक्षेपास आधार आहे, कारण मराठीचें नांव घेऊन तसले प्रकार झालेले आहेत. परंतु आम्ही जन्म विचारीत नाहीं, आडनांव विचारीत नाहीं, क्षमता विचारतों. केरळांतून आलेला औषधविक्रेता सहा महिन्यांत दुकानापुरतें मराठी सहज शिकेल आणि परीक्षा उतरेल. उलट, सदाशिव पेठेंत जन्मलेला एखादा पदवीधर रोग्यास ‘एम्टी स्टमक’ आणि ‘ट्वाइस डेली’ असें ऐकवीत असेल तर तो नापास व्हावा, आणि आम्हांस त्याचें दुःख होणार नाहीं. राज्यघटनेच्या एकोणिसाव्या कलमानें धंद्याचें स्वातंत्र्य दिलें आहे खरें. पण त्याच कलमानें धंद्यास आवश्यक ती पात्रता ठरविण्याचा अधिकारहि सरकारास दिला आहे.

दुसरा आक्षेप : पुणें आतां सर्व देशाचें झालें, हिंजवडीकडे किंवा पिंपरी-चिंचवडकडे हिंदीनें सर्व भागतें. ज्या रोग्याचें हिंदीनें भागतें त्याच्याशीं हिंदींतच बोलावें. मराठी शिकल्यानें कोणाची हिंदी नाहींशी होत नाहीं. परंतु आजारी माणूस, त्यांतहि म्हातारा किंवा भ्यालेला माणूस, उसन्या भाषेंत विचारलेल्या प्रश्नास ‘हो’ म्हणून मोकळा होतो. ते ‘हो’ समजल्याचें नसतें, संकोचाचें असतें.

तिसरा आक्षेप नव्या युगाचा आहे : यंत्रें भाषांतर करूं लागलीं, मग माणसास कशाला राबवावें ? न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागांतील दुकानांतून संगणकानें तयार केलेल्या ७६ स्पॅनिश सूचनापट्ट्या तपासल्याचा एक अभ्यास ‘पीडिअ‍ॅट्रिक्स’ या नियतकालिकांत २०१० सालीं प्रसिद्ध झाला. त्यांपैकीं निम्म्यांत चुका आढळल्या. तेव्हांपासून यंत्रें पुष्कळ सुधारलीं हें आम्ही मान्य करतों. परंतु यंत्रानें लिहिलेलें मराठी बरोबर आहे कीं नाहीं हें ओळखणारा फळीमागें कोणीतरी हवाच ना ?

चौथा आक्षेप सर्वांत प्रामाणिक, आणि म्हणूनच सर्वांत लाजिरवाणा आहे. लोक म्हणतात, ज्याचें प्रमाणपत्र भिंतीवर टांगलेलें असतें तो माणूस पुष्कळ दुकानांत असतोच कोठें ? औषध देतो तो हाताखालचा पोरगा. कायद्याच्या बेचाळिसाव्या कलमास ही रीत मंजूर नाहीं, तरी ती चालते हें आम्हीहि पाहतों. पण चोरी होते म्हणून कुलुपाची गरज नाहीं, असा युक्तिवाद आजवर कोणी केलेला नाहीं. उलट, औषधाबरोबर चार वाक्यें मिळणें हा आपला हक्क आहे, हें एकदां गिऱ्हाइकांच्या अंगवळणीं पडलें, म्हणजे वाक्यें सांगणारा गैरहजर आहे हें त्यांच्या लगेच ध्यानांत येईल.

सरकारास मराठीची काळजी नाहीं असें म्हणतां येत नाहीं. २०१६ सालीं परिवहन खात्यानें रिक्षाच्या नव्या परवान्यासाठीं मराठीचें ज्ञान आवश्यक ठरविणारें परिपत्रक काढलें, आणि २०१७ सालीं मुंबई उच्च न्यायालयानें तें रद्द केलें. या प्रकरणांतून दोन बोध घेण्यासारखे आहेत. एक, अशी अट परिपत्रकाच्या कच्च्या सुतावर टांगूं नये. ती कायद्याच्या भक्कम खुंटीवर असावी. दुसरा असा कीं, भाषेच्या अभावीं रिक्षावाला चुकला तर उतारू फार तर भलत्या गल्लींत उतरतो. औषधविक्रेता चुकला तर रोगी कोठें पोंचतो याचा विचार कोणा मंत्र्यानें केलेला दिसत नाहीं.

आमची मागणी माफक आहे. महाराष्ट्रांत प्रत्यक्ष दुकानांत किंवा रुग्णालयांत औषध देऊं इच्छिणाऱ्या प्रत्येक नव्या उमेदवाराची मराठींत तोंडी परीक्षा व्हावी. व्याकरण नको, निबंध नको. तीन औषधें समोर ठेवावीं, आणि तीं सामान्य गृहिणीस समजावून देण्यास सांगावें. ऐकणारीनें तें सर्व आपल्या शब्दांत परत सांगितलें, तर उमेदवार उतरला. यासाठीं १९४८ च्या कायद्यांत किंवा त्याखालील नियमांत दुरुस्ती लागेल, तर राज्य सरकारनें मध्यवर्ती कौन्सिलच्या संमतीनें ती करून घ्यावी. ज्यांचीं नांवें आधींच नोंदलेलीं आहेत त्यांस पांच वर्षांत दोन उजळणी-वर्गांस हजर राहावें लागतेंच. त्यांपैकीं एक वर्ग या विषयास द्यावा. महाविद्यालयांनीं त्या तीस तासांपैकीं दहा तास तरी इंग्रजी अलंकारांकडून काढून मराठी वाक्यांकडे वळवावे. आणि प्रत्येक औषधाच्या पाकिटावर मात्रा, वेळ व दिवस मराठींत लिहिलेली चिठ्ठी चिकटवावी.

हें सर्व होईपर्यंत वाचकांच्या हातीं एक गोष्ट आहे. औषध घेतल्यावर पाकीट पिशवींत टाकून लगेच परत फिरूं नये. ‘हें कसें घ्यावयाचें तें मराठींत सांगा,’ असें विनयानें म्हणावें, आणि उत्तर मिळेपर्यंत तेथेंच उभें राहावें. मागची रांग थोडी कुरकुर करील. तिनेंहि तेंच विचारावयास शिकावें.