दुपारी बागेला कुलूप, सावली फक्त कब्रस्तानात

मागच्या मे महिन्यात मोहल्ल्यातल्या एका जनाज्याला गेलो होतो. जोहरच्या नमाजनंतरची वेळ, पारा त्रेचाळीसच्या वर. मशिदीपासून कब्रस्तानापर्यंत रस्त्यावर एकही झाड नाही. खांदा देऊन बाजूला झालेली माणसं भिंतीच्या चार बोटं सावलीकडे सरकत होती. फाटकातून आत शिरलो तेव्हा कडुनिंबांखाली सगळ्यांना हायसं वाटलं. दफन झालं, दुआ झाली, तरी कुणी उठेना. एक चाचा म्हणाले, "बैठो जरा, यहाँ ठंडा है."

आमच्या वस्तीतली सर्वांत थंड जागा मेलेल्यांची आहे, याची मला तेव्हा शरम वाटली.

गावात सरकारी बाग आहे. (गावाचं नाव लिहीत नाही, नंदुरबार जिल्ह्यातल्या बऱ्याच वाचकांना ते आपलंच वाटेल.) ती सकाळी फिरायला येणाऱ्यांसाठी उघडते, दहा वाजता बंद होते, संध्याकाळी पाचला पुन्हा उघडते. म्हणजे ऊन चढलं की बागेला कुलूप! ज्यांच्या घरी कूलर आहे त्यांच्या सोयीने हे वेळापत्रक बनलं आहे. हातगाडीवाला, हमाल, मिरचीचे देठ खुडणारी बाई, पत्र्याच्या घरात तान्हं मूल घेऊन बसलेली बाळंतीण, यांना बाग दुपारी एक ते चार या वेळेत हवी असते. त्याच वेळी फाटकाआड हिरवळीवर पाणी मारलं जात असतं.

हिरवळीबद्दलही बोलू. गवत, कारंजं आणि शोभेचे पाम म्हणजे बाग, अशी आपल्याकडे समजूत झाली आहे. पामखाली एक माणूस तरी नीट बसतो का? पत्रा आणि सिमेंटचा रस्ता दिवसभर ऊन पितात आणि रात्री ते ओकतात. म्हणून रात्रीही अंग निवत नाही. कडुनिंब, चिंच, करंज ऊन वरच अडवतात आणि पानांतून पाणी सोडून आसपासची हवा थोडी निववतात. माणसाला लागतं ते हे.

कुणी म्हणतं, सातपुड्याच्या पायथ्याचा जिल्हा, इथे झाडांची काय कमी? तोरणमाळचं जंगल तोरणमाळला. त्याची सावली माझ्या गल्लीत पडत नाही. कुणी म्हणतं, खानदेशाला ऊन नवं नाही, सवय असते. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानात लोक तासन् तास उघड्यावर बसले होते. त्या दिवशी तिथला पारा चाळिशीच्या आतच होता, तरी सरकारी आकड्याप्रमाणे १४ माणसं गेली. पारा किती चढला एवढंच पाहून चालत नाही, डोक्यावर सावली होती का हेही विचारावं लागतं. शेजारच्या अहमदाबादने मे २०१० च्या लाटेत नेहमीपेक्षा तेराशेहून जास्त मृत्यू पाहिले आणि २०१३ मध्ये शहरासाठी उष्णता कृती आराखडा केला. आपण कशाची वाट पाहतोय?

आता घरचं बोलतो, राग आला तरी चालेल. आमच्या मशिदीच्या अंगणात एक जुनं झाड होतं. पाला हौदात पडतो, पक्षी घाण करतात, म्हणून ते तोडलं आणि पेव्हर ब्लॉक बसवले. आता जोहरला तळपाय भाजतात, म्हणून वर पत्रा टाकायची वर्गणी सुरू आहे. १९७५ च्या झाडांच्या कायद्याप्रमाणे शहरातलं झाड तोडायला परवानगी लागते, मग ते कुणाच्याही आवारातलं असो. कुणी विचारलंसुद्धा नाही.

आणि दीन काय सांगतो? ज्या रोपाचं फळ माणूस, पक्षी किंवा जनावर खातं, ते लावणाऱ्याच्या नावावर सदका म्हणून जमा होतं. लोकांच्या बसण्याच्या सावलीत घाण करणाऱ्यावर लानत आहे. सिद्रचं झाड, जे आपल्या बोरीच्याच जातीचं, ते तोडणाऱ्याला सक्त ताकीद आहे; इमाम अबू दाऊद यांनी तिचा अर्थ असा सांगितला की, ज्या झाडाखाली मुसाफिर आणि जनावरं विसावतात ते विनाकारण तोडू नये. आपण मय्यतीला गुस्ल देताना पाण्यात बोरीचा पाला घालतो. तो पाला मिळावा म्हणून तरी एक बोर ठेवा!

कब्रस्तानाची बाग करा असं मी म्हणत नाही. कबरींचा अदब राहिलाच पाहिजे. पण कडेच्या भिंतीलगत, रस्त्याच्या बाजूने झाडं लावली तर बाहेरून जाणाऱ्यालाही सावली मिळेल. ईदगाहचं बघा. वर्षात दोन सकाळी भरते, बाकी दिवस मोकळं मैदान तापत पडलेलं. तिच्या चारही कडांना कडुनिंब लावले तर कुणाची सफ मोडणार आहे? रोपं जगवायची तर पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी घालावं लागेल. फोटो काढून घरी जाता येणार नाही. वुजूचं पाणी रोज गटारात जातं, ते तिकडे वळवता येईल.

बागेसाठी अर्ज लिहून ठेवला आहे. मार्च ते जून दुपारीही फाटक उघडं ठेवा, पिण्याच्या पाण्याचा नळ द्या आणि पुढची लागवड सावलीच्या झाडांची करा. येत्या जुम्याला मशिदीच्या दारात सह्यांसाठी ठेवतो. मंदिराशेजारच्या गल्लीतही नेणार आहे. त्यांच्याकडेही झाड नाही.