डिग्री घ्या, पण पानाही धरा

उसाचा सीझन सुरू झाला की लोणी देवकर परिसरात ज्यांच्या दारात ट्रक आहे, त्यांना एकेक खेप मोलाची असते. अशात ट्रकखाली ऑइलचा डाग दिसला तर? बाबा वरून ऑइल ओततात, आपण कॉलेजला पळतो. बरोबर ना?

माझं म्हणणं एवढंच, एक रविवार त्या ट्रकसाठी द्या.

कूलरच्या पाइपमधून इंजिनचं गरम ऑइल दाबाने फिरतं. पाइपला चीर गेली की आज थेंब, उद्या धार. ऑइल संपलं तर बेअरिंग जातात, इंजिन जाम होतं. नुसतं ओतत राहणं हा इलाज नाही, ती उधारी आहे.

काम शिस्तीचं आहे. इंजिन गार होऊ द्या. चाकांना दगड लावा, नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका. एका पान्याने फिटिंग धरा, दुसऱ्याने नट फिरवा. नाहीतर कूलरचं तोंड पिळवटतं. पाइप त्याच मापाचा, वॉशर नवे. ऑइल भरून इंजिन चालू करा, सांधे बघा. बंद करून पट्टी तपासा. काढलेलं ऑइल ओढ्यात ओतू नका, २०१६ च्या नियमांनुसार तो घातक कचरा आहे.

पहिल्या वेळी जाणता मिस्त्री शेजारी हवाच. पण त्याच्याकडून शिकायला लाज कसली? हात काळे झाले म्हणून डिग्री मळत नाही. उलट, बाबांचं निम्मं ओझं कळतं.