परदेशी शिक्षणाचा दोन लाखांचा उंबरठा

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले, ही गोष्ट आपल्या घराघरात ठाऊक आहे. जयंतीच्या भाषणात ती हमखास सांगितली जाते. मात्र त्या शिक्षणाचा हिशोब फारसा कोणी मांडत नाही. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी मंजूर केली होती. तिच्या बदल्यात शिक्षण संपल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानची चाकरी करण्याचा करार बाबासाहेबांना लिहून द्यावा लागला. १९१६ साली ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आणि ग्रेज इनमध्ये दाखल झाले आणि १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली. लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. पुन्हा लंडन गाठायला १९२० साल उजाडले. त्यासाठी त्यांनी सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून पैसा साठवला, राजर्षी शाहू महाराजांनी मदत केली आणि नवल भथेना या पारशी मित्राने पाच हजार रुपये कर्जाऊ दिले. तेव्हा कुठे १९२१ साली एम.एस्सी. आणि १९२३ साली डी.एस्सी. या पदव्या पदरात पडल्या.

बाबासाहेबांची ही तीन वर्षे बुद्धी कमी पडली म्हणून गेली नाहीत. पैसा हवा तेव्हा हातात नव्हता म्हणून गेली. शंभर वर्षे उलटली, देश स्वतंत्र झाला, घटना आली, शिष्यवृत्तीच्या योजना आल्या. तरीही खेड्यापाड्यातून आणि झोपडपट्टीतून परदेशी विद्यापीठाचे प्रवेशपत्र मिळवणाऱ्या आपल्या मुलामुलींची वर्षे आजही याच कारणाने वाया जात आहेत. याचा समाजाने गांभीर्याने विचार केला पाहिजे.

योजनाच नाहीत, असे कोणी म्हणणार नाही. केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती १९५४-५५ पासून चालू आहे. २०२१-२२ पासून तिच्या जागा १२५ झाल्या, त्यातील ११५ अनुसूचित जातींसाठी आहेत. महाराष्ट्रात अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २००३ पासून राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने परदेश शिष्यवृत्ती आहे. तिच्या जागा वाढत वाढत ७५ पर्यंत आल्या. आमच्या मुलांना ‘सरकारचे जावई’ म्हणून हिणवणाऱ्यांना हे दोन आकडे तोंडपाठ असतात. पण साऱ्या देशासाठी ११५ आणि साऱ्या महाराष्ट्रासाठी ७५ जागा, हा कोणता जावयाचा मान झाला? आणि या मोजक्या जागांपैकी एखादी मिळवायची, तर त्याआधी विद्यार्थ्याला स्वतःच्या खिशातून किती पैसे घालावे लागतात, हे हिणवणाऱ्यांना ठाऊक नसते. दुर्दैवाने ते आपल्यातल्याही अनेकांना ठाऊक नाही.

एक उदाहरण घेऊ. समजा, हिंगोली जिल्ह्यातील एका गावची मुलगी आहे. वडील मजुरी करतात, आई अंगणवाडीत मदतनीस आहे. मुलीने औरंगाबादला पदवी घेतली आणि लंडनच्या विद्यापीठात एक वर्षाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम करायचे ठरवले. पहिला खर्च पासपोर्टचा, दीड हजार रुपये. दुसरा आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेचा, सतरा-अठरा हजार रुपये. मराठी माध्यमातून आलेल्या मुलीला पहिल्या खेपेस हवे तेवढे गुण मिळाले नाहीत, तर हाच खर्च दुसऱ्यांदा. एकाच विद्यापीठावर विसंबून चालत नाही, म्हणून चार-पाच ठिकाणी अर्ज करावे लागतात. अमेरिकेतील विद्यापीठांत अर्ज करायचा झाला तर एकेका अर्जामागे शंभर डॉलरच्या आसपास शुल्क जाते. म्हणजे नुसते दार ठोठावण्यासाठीच वडिलांची काही महिन्यांची मजुरी संपली. प्रवेश मिळाल्यावर जागा राखून ठेवण्यासाठी अनेक विद्यापीठे अनामत रक्कम मागतात, ती वेगळी.

त्यानंतर व्हिसा. ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसाचे शुल्क एप्रिल २०२५ मध्ये ५२४ पौंड झाले. त्याशिवाय तेथील सरकारी आरोग्यसेवेचा आकार दरसाल ७७६ पौंड. एक वर्षाच्या अभ्यासक्रमाला व्हिसा सोळा महिन्यांचा मिळतो, म्हणून हा आकार दीड वर्षाचा, म्हणजे १,१६४ पौंड भरावा लागतो. दोन्ही मिळून १,६८८ पौंड. पौंडाला ११८ रुपये धरले, तर जवळजवळ दोन लाख रुपये झाले. त्यात क्षयरोगाची तपासणी आणि विमानाचे तिकीट अजून धरलेले नाही. शिष्यवृत्तीतून विमानभाड्यासारखे खर्च मिळतात, हे खरे. पण ज्याच्या घरी आज पैसे नाहीत, त्याला ‘आधी भरा, नंतर परत मिळतील’ असे सांगण्यात काय अर्थ आहे? परतफेड त्याच्याच कामाची, ज्याच्याजवळ आधी खर्च करायला पैसा असतो.

आता वेळेचा घोळ पाहा. परदेशी विद्यापीठांचे अर्ज साधारणतः ऑक्टोबर ते जानेवारीत भरले जातात. प्रवेशपत्रे मार्च-एप्रिलपर्यंत हाती येतात. अमेरिकेत ऑगस्टच्या अखेरीस आणि ब्रिटनमध्ये सप्टेंबरमध्ये वर्ग सुरू होतात. आपल्याकडे मात्र शिष्यवृत्तीची जाहिरात निघते तीच उन्हाळा सरताना. मग अर्ज, उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसील कचेरीचे हेलपाटे, कागदपत्रांची छाननी, त्रुटी, निवड समितीची बैठक आणि शासन निर्णय. विद्यापीठ मुलांसाठी थांबत नाही. व्हिसा कार्यालयही थांबत नाही.

मंजुरीच्या एका पत्राला किती महत्त्व आहे, हे ब्रिटनच्या नियमावरून कळेल. नोव्हेंबर २०२५ पासून तेथील सरकारचा नियम असा आहे की, लंडनमध्ये शिकणाऱ्याने राहण्याखाण्यासाठी दरमहा १,५२९ पौंड आणि लंडनबाहेर शिकणाऱ्याने १,१७१ पौंड, असे नऊ महिन्यांचे पैसे दाखवावेत. लंडनचा हा आकडा १३,७६१ पौंड होतो, म्हणजे सव्वासोळा लाख रुपये. विद्यापीठाचे न भरलेले शुल्क त्यात मिळवायचे. ते पंचवीस हजार पौंड धरले तरी आणखी साडेएकोणतीस लाख झाले. एवढी सारी रक्कम बँकेच्या खात्यात सलग २८ दिवस असली पाहिजे. मजुराच्या मुलीने पंचेचाळीस लाख रुपये महिनाभर खात्यात कोठून ठेवायचे? पण सरकारने संपूर्ण खर्च उचलल्याचे पत्र असेल, तर हा पैसा दाखवावा लागत नाही. म्हणजे ते पत्र जुलैत मिळाले तर मुलगी लंडनला जाते आणि ऑक्टोबरात मिळाले तर तिचे वर्ष जाते. रक्कम तीच, योजना तीच, फरक फक्त तारखेचा.

हा फरक किती जीवघेणा आहे, ते २०२५ साली दिसले. जुलै २०२५ मध्ये केंद्राच्या योजनेत निवड झालेल्या १०६ उमेदवारांपैकी फक्त ४० जणांना तात्पुरती मंजुरीपत्रे देण्यात आली. उरलेल्या ६६ जणांना निधी उपलब्ध झाल्यास पत्र मिळू शकेल, असे कळवण्यात आले. निवड झाली, गुणवत्ता सिद्ध झाली, विद्यापीठाने दार उघडले आणि आपल्याच सरकारने ‘निधी नाही’ म्हणून उंबरठ्यावर उभे केले. १२५ मुलांच्या शिक्षणाचा खर्च या देशाच्या तिजोरीला खरोखरच जड आहे काय?

कोणी म्हणेल, शिष्यवृत्ती नाही तर बँकेचे कर्ज घ्या. तेही तपासून पाहू. बँकांच्या प्रचलित शैक्षणिक कर्ज योजनेत चार लाखांपर्यंत तारण लागत नाही. चार ते साडेसात लाखांपर्यंत जामीनदार लागतो. त्यापुढे तारण लागते. परदेशी शिक्षणासाठी चार लाखांवरील कर्जात १५ टक्के वाटा विद्यार्थ्याने स्वतः घालायचा असतो. चाळीस लाखांच्या कर्जाला घर किंवा भूखंड तारण हवा. आपल्या माणसाजवळ तारण काय आहे? झोपडपट्टीतील घराची मालकी नाही. गायरानावरील जमीन वर्षानुवर्षे कसूनही सातबाऱ्यावर नाव नाही. वतनाची जमीन असेल, तर तिची कथा आणखी वेगळी. ज्या महार वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले, ते वतन १९५८ च्या कायद्याने गेले. जमिनी परत दिल्या गेल्या त्या मात्र नवीन शर्तीवर. सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग २’ असा शेरा राहिला आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून त्यांचा व्यवहार करता येत नाही. असा सातबारा पाहिला की बँकेचा अधिकारी सहसा फाईल बाजूला सारतो. वाडवडिलांनी पिढ्यान्‌पिढ्या गावकी राबून राखलेली जमीन नातीच्या शिक्षणाला कामी येत नाही. गुणवत्ता आमची आणि अट मालमत्तेची, असा हा प्रकार आहे. बौद्धांसह अल्पसंख्याक विद्यार्थ्यांना परदेशी शिक्षणाच्या कर्जावर व्याजाची सवलत देणारी ‘पढो परदेश’ ही योजना होती. तीही २०२२ साली बंद करण्यात आली.

शिष्यवृत्ती वेळेवर मिळाली, तरी प्रश्न संपत नाही. केंद्राच्या योजनेत ब्रिटनमधील विद्यार्थ्याला वर्षाचा निर्वाहभत्ता ९,९०० पौंड आणि पुस्तके वगैरेंसाठी १,१०० पौंड ठरवून दिले आहेत. ब्रिटनचे सरकार मात्र लंडनमध्ये नऊ महिन्यांनाच १३,७६१ पौंड लागतात, असे म्हणते. वर्षाची रक्कम नऊ महिन्यांनाही पुरत नसेल, तर उरलेला अभ्यास मुलांनी हॉटेलात भांडी घासून करायचा काय? महागाई आणि चलनाचा दर यांच्याशी भत्त्याचा मेळ घातला गेला नाही. राज्याची योजना सुरू झाली त्या २००३ साली डॉलर सेहेचाळीस रुपयांच्या आसपास होता. डिसेंबर २०२५ मध्ये त्याने नव्वदी ओलांडली. जो पैसा विद्यार्थी स्वतः रुपयात उभा करतो, त्याची किंमत निम्मी झाली.

आणखी एका अटीकडे लक्ष वेधणे भाग आहे. २०२२ साली केंद्राने नियम केला की, भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरील सामाजिक अभ्यास या विषयांसाठी परदेशी शिष्यवृत्ती मिळणार नाही. बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबियात वाचलेला निबंध भारतातील जातींवर होता. या नियमाने आज त्या विषयालाच दार बंद झाले असते! ज्यांनी जात भोगली, त्यांनी जगाच्या विद्यापीठात जाऊन जातीचा अभ्यास करू नये, हा या अटीचा अर्थ नाही तर दुसरा कोणता? महाराष्ट्रातही २०२४ साली सर्व विभागांसाठी समान धोरणाच्या नावाखाली नव्या जाचक अटी आणल्या गेल्या. विद्यार्थ्यांनी आवाज उठवल्यावर त्यातील काही सरकारला मागे घ्याव्या लागल्या. आवाज उठवला तर अटी मागे जातात, हा यातला धडा आहे.

म्हणून नुसते ‘जागा वाढवा’ म्हणून भागणार नाही. जागा वाढल्याच पाहिजेत, पण मागणी नेमकी असावी. शिष्यवृत्तीची जाहिरात जानेवारीत निघावी आणि निवड मेअखेर जाहीर व्हावी. निवड झालेल्या प्रत्येकाला त्याच आठवड्यात व्हिसासाठी चालेल असे पत्र मिळावे, निधीची सबब सांगू नये. इंग्रजीची परीक्षा, अर्ज आणि व्हिसा यांसाठी उचल मिळावी. भत्ता त्या त्या देशाच्या सरकारने सांगितलेल्या खर्चाशी बांधला जावा. शिष्यवृत्ती न मिळालेल्या, पण प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्याच्या कर्जाला तारणाऐवजी शासनाने हमी द्यावी. विषयांवरील बंदी उठवावी. या मागण्या भिकेच्या नाहीत, हक्काच्या आहेत. १९४२ साली व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी सरकारपुढे अस्पृश्यांची गाऱ्हाणी लेखी मांडली, उच्च शिक्षणासाठी तीन लाखांची तरतूद करून घेतली आणि तीतून आपली मुले विलायतेला गेली. परक्या सरकारकडून जे त्यांनी मिळवले, ते आपल्या सरकारकडून आपण मिळवू नये काय?

आणि शेवटी आपल्याविषयी. सरकारला दोष देऊन आपली जबाबदारी संपत नाही. जयंतीला एका रात्रीच्या डीजेवर, कमानींवर आणि नेत्यांच्या फलकांवर किती पैसा जातो, हे प्रत्येक मंडळाने स्वतःला विचारावे. वर दाखवलेला उंबरठा दोन लाखांचा आहे. एका तालुक्यातील नोकरदार बांधवांनी, कर्मचारी संघटनांनी आणि विहार समित्यांनी ठरवले, तर दरवर्षी एका विद्यार्थ्याचे एवढे पैसे बिनव्याजी उभे करणे अवघड नाही. शिष्यवृत्ती आली की त्याने ते परत करावेत आणि पुढच्या वर्षी दुसऱ्याला मिळावेत. जे विद्यार्थी परदेशात शिकून आले, त्यांनी आपल्या जिल्ह्यात वर्षातून एक दिवस तरी बसून नव्या मुलांचे अर्ज तपासून द्यावेत. सल्लागाराच्या कचेरीत त्यासाठी हजारो रुपये मोजावे लागतात.

नवल भथेना यांनी दिलेले पाच हजार वेळेवर मिळाले, म्हणून बाबासाहेबांचा लंडनचा अर्धवट राहिलेला अभ्यास पूर्ण झाला. आज आपल्यातल्या शेकडो जणांची भथेना होण्याची ऐपत आहे. सप्टेंबर दरवर्षी येतो आणि दरवर्षी कोणाचे तरी विमान चुकते. पुढच्या सप्टेंबरपूर्वी आपल्या गावातल्या, वस्तीतल्या एका तरी मुलीचे विमान चुकणार नाही, एवढे आपण नक्कीच करू शकतो.

जयभीम!