पंप बसले, पण नळ कोठें आहेत?

पाणी उताराकडे धांवतें हा सृष्टीचा नियम आहे, आणि गटारांची सर्व विद्या या एका नियमावर उभारलेली आहे. नळास योग्य उतार दिला म्हणजे मैलापाणी आपल्याच वेगानें वाहत जातें. त्याला वीज लागत नाहीं, कीं रात्रपाळीचा इंजिनियर लागत नाहीं. परंतु शहर सपाट जमिनीवर पसरूं लागलें म्हणजे हाच नियम आड येतो. पांचशें मीटरांस एक मीटर असा उतार धरला, तर पांच किलोमीटर गेल्यावर नळ आरंभापेक्षां दहा मीटर खोल जातो. समुद्रकांठच्या ओल्या जमिनींत याहून खोल खणीत जाणें हा द्रव्याचा व मजुरांच्या जिवाचाही प्रश्न होतो. तेव्हां खोल गेलेलें पाणी एका विहिरींत जमवावयाचें, पंपानें वर उचलावयाचें, आणि पुनः नव्या उतारावर सोडावयाचें, हाच मार्ग उरतो. पंपिंग स्टेशन, किंवा सरकारी मराठींत उदंचन केंद्र, म्हणतात तें हेंच. वाढत्या शहराच्या गटारांचा विस्तार अशा केंद्रांवांचून होत नाहीं, याविषयीं आमचा वाद नाहीं. केंद्र बसविलें म्हणजे म्युनिसिपालिटीचें कर्तव्य संपलें, अशी जी समजूत रूढ होऊं पाहत आहे तिच्याशीं आमचा वाद आहे. कारण ती आरोग्यशास्त्रासही धरून नाहीं आणि कायद्यासही नाहीं.

मुंबईचेंच उदाहरण घ्या. सात बेटें जोडून झालेल्या या शहराच्या मध्यभागाची पुष्कळशी जमीन मुळांत भरतीच्या पातळीखालची. तेथील घाण उताराच्या भरंवशावर समुद्रांत जाईना, म्हणून एकोणिसाव्या शतकांतच वरळीच्या लव्हग्रोव्ह येथें पंपांचा आश्रय करावा लागला. पुढें १९५० व १९५७ सालीं उपनगरें शहरास जोडलीं गेलीं. १९५१ च्या शिरगणतींत सुमारें ३० लक्ष असलेली वस्ती २०११ च्या शिरगणतींत १ कोटि २४ लक्षांवर गेली. आज पन्नासाच्या आसपास लहानमोठीं केंद्रें सुमारें दोन हजार किलोमीटर लांबीच्या मलवाहिन्यांतील पाणी पुढें ढकलीत आहेत. (दर पावसाळ्यांत वर्तमानपत्रांतून ज्यांची चर्चा होते तीं हाजीअली, इर्ला वगैरे ठिकाणचीं केंद्रें पावसाच्या पाण्याचीं, तीं निराळीं. या दोहोंची गल्लत पुष्कळ जाणते लोकही करतात, आणि ती गल्लत अधिकाऱ्यांस सोयीची पडते.)

उतारावरचें गटार झोंपत नाहीं. पंप मात्र झोंपतो. वीज गेली, जाळीवर चिंध्या व प्लॅस्टिक अडकलें, अथवा राखीव पंप दुरुस्तीस गेलेला असला, कीं विहीर भरते आणि मागचा सारा प्रवाह थबकतो. केंद्रास विजेच्या दोन स्वतंत्र वाहिन्या व जनित्र नसेल, तर तुंबलेलें मैलापाणी जवळच्या नाल्यांत सोडून देण्यावांचून गत्यंतर राहत नाहीं. थबकलेल्या नळांत गाळ बसतो, मैला कुजतो, विषारी वायु साठतो, आणि मग तो नळ मोकळा करण्यासाठीं कोणास तरी मॅनहोलमधून आंत उतरविलें जातें. कोणास, हें वाचकांस सांगावयास नकोच. आमच्या समाजानें जन्मावरून हें काम ज्यांच्या वांट्यास टाकलें, त्यांसच. १९९३ व २०१३ अशा दोन कायद्यांनीं ही चाल बंद व्हावयास पाहिजे होती. ती झाली नाहीं म्हणून सुप्रीम कोर्टास २०१४ सालीं अशा प्रत्येक मृत्यूबद्दल दहा लक्ष रुपये देण्याचा हुकूम करावा लागला, आणि २०२३ सालीं ती रक्कम तीस लक्ष करावी लागली. भरपाईची रक्कम वाढवावी लागते याचा अर्थ मृत्यु थांबलेले नाहींत. पंप बंद पडणें ही केवळ यंत्राची बाब आहे असें म्हणणारांनीं हा हिशेब डोळ्यांपुढें ठेवावा.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. पंप नळांतून आलेलें पाणी उचलतो; ज्या घरास नळच नाहीं त्याचें तो काय उचलणार? २०११ च्या शिरगणतीप्रमाणें मुंबईंतील दर पांच माणसांपैकीं दोन झोंपडपट्टींत राहत होतीं. यांच्या वस्त्यांतील सार्वजनिक शौचकूप कोठें मैलाकुंडीस जोडलेले, कोठें थेट नाल्यावर ओतणारे. जमीन बेकायदेशीर म्हणून नळ देतां येत नाहीं, ही सबब आम्ही वर्षानुवर्षें ऐकत आलों. परंतु बेकायदेशीर झोंपडींत राहणारासही पाण्याचा हक्क आहे, असें मुंबई हायकोर्टानें डिसेंबर १९१४ मध्यें नव्हे, तर कालपरवां म्हणतां येईल अशा डिसेंबर २०१४ मध्यें ठरविलें आहे. आतां, पुरविलेल्या पाण्याचा सुमारें ऐंशी टक्के भाग सांडपाणी होऊन परत येतो, असें इंजिनियर लोकच आपल्या कोष्टकांत धरतात. एका हातानें पाणी द्यावयाचें आणि दुसऱ्या हातानें गटार नाकारावयाचें, हा कोणता न्याय? तें पाणी मिठी नदींत जातें, नदींतून खाडींत जातें, आणि पलीकडे लक्षावधि रुपये खर्चून बसविलेला पंप आपलें काम चोख बजावीत असतो!

उचललेली घाण शेवटीं जाते कोठें, हाही प्रश्न आहे. लंडनांत १८५८ च्या दुर्गंधीनंतर बॅझलजेट यांनीं मोठीं गटारें बांधलीं. क्रॉसनेसचें पंपिंग स्टेशन १८६५ सालीं व ॲबी मिल्सचें १८६८ सालीं चालू झालें. शहर शुद्ध झालें, परंतु मैला थेम्स नदींतच, थोडा खालच्या अंगास, पडत राहिला. १८७८ सालीं ‘प्रिन्सेस ॲलिस’ ही आगबोट त्या तोंडांजवळच बुडून सहाशेंवर माणसें गेलीं, तेव्हां पाण्याच्या घाणीचा बोभाटा झाला. आणि मग मैला शुद्ध करण्याकडे तेथील अधिकाऱ्यांचें लक्ष वळलें. मुंबईनें वरळी व वांद्रें येथून तीन किलोमीटरांहून अधिक लांबीचे नळ समुद्रांत नेले, तो याच पायरीचा प्रकार. आतां वरळी, वांद्रें, धारावी, वर्सोवा, मालाड, घाटकोपर व भांडुप येथें मिळून दररोज २,४६४ दशलक्ष लिटर पाणी शुद्ध करणारे सात कारखाने योजले आहेत; जानेवारी २०२३ मध्यें पायाभरणी झाली, आणि खर्चाचा आंकडा सतरा हजार कोटींवर सांगितला गेला. योजना चांगली आहे. ती उशीरानें आली एवढीच तक्रार. परंतु नाल्यांतून वाहणारें पाणी जोपर्यंत मलवाहिनींत येत नाहीं, तोपर्यंत हे कारखाने त्यास स्पर्शही करणार नाहींत.

पैसा नाहीं, हें उत्तर येईल. तें कायद्यापुढें टिकत नाहीं. १८८८ च्या मुंबई म्युनिसिपल ॲक्टाच्या ६१ व्या कलमांत गटारें बांधणें, राखणें व साफ करणें हीं आवश्यक कर्तव्यांत गणलीं आहेत. ऐच्छिक कामांची यादी पुढें वेगळी आहे. रतलाम येथील रहिवाशांनीं उघड्या गटारांविरुद्ध मॅजिस्ट्रेटाकडे दाद मागितली, तेव्हां तेथील म्युनिसिपालिटीनेंही तिजोरी रिकामी असल्याचेंच रडगाणें गाइलें होतें. न्यायमूर्ति कृष्ण अय्यर यांनीं १९८० सालीं तें सपशेल फेटाळलें. एका लहान गांवच्या म्युनिसिपालिटीस जी सबब मिळाली नाहीं, ती देशांतील सर्वांत धनाढ्य म्युनिसिपालिटीस कशी मिळावी?

आमची मागणी साधी आहे. प्रत्येक केंद्र किती वेळ बंद राहिलें व त्या वेळांत पाणी कोणत्या नाल्यांत सोडलें, याची नोंद दरमहा प्रसिद्ध व्हावी. नव्या इमारतीस परवाना देतांना तिचें मैलापाणी कोणत्या केंद्राकडे जाणार आणि त्या केंद्रांत किती वाव शिल्लक आहे, हें परवान्यावरच लिहिलें जावें. वाव नसेल तर परवाना थांबावा. चाळीस मजल्यांच्या मालकास हें जाचक वाटेल. आणि बांधकामावर जें विकासशुल्क घेतलें जातें, त्यांतून त्याच केंद्राच्या हद्दींतील झोंपडवस्त्यांना नळ जोडण्यासाठीं ठराविक हिस्सा राखून ठेवावा. पुढील अंदाजपत्रकावर चर्चा होईल तेव्हां किती पंप घेतले हें विचारण्यापूर्वीं, किती घरें जोडलीं, हा प्रश्न नगरसेवकांनीं विचारावा. त्याचा आंकडा वॉर्डवार मागावा.