माझा नवरा विश्वासी, मी नाही

चळवळीतल्या पोरांना धर्म सोडणं लई सोपं वाटतं. एक सभा, एक ठराव, चार घोषणा, झालं. देव नाल्यात, माणूस मोकळा. पण ज्या बाईच्या अंथरुणाच्या दुसऱ्या कडेला देव मानणारा माणूस झोपतो, तिनं काय करायचं? यावर कुठल्याच जाहीरनाम्यात एक ओळ नाही. म्हणून मी लिहिते आहे.

आम्ही मांगाचे. नगर जिल्ह्यातले. माझ्या आज्यानं बाप्तिस्मा घेतला तो स्वर्गासाठी नव्हे. मिशनच्या शाळेत त्याच्या पोराला पाटीला हात लावू देत होते आणि साहेब त्याच्या हातचं पाणी पीत होता, म्हणून घेतला. अमेरिकन मराठी मिशन १८३१ साली नगरला आलं. पुढं महार-मांगांची घरंच्या घरं तिकडं गेली. गावानं माणूस म्हणून उभं केलं असतं तर कशाला गेली असती? पण आज्याची मंडळी सैल होती. नाताळाला पुरणपोळी, गळ्यात मंगळसूत्र, जत्रेतली गोडीशेव. देव होता, पण तो घरात पहारा देत नव्हता.

मी सांगते तो धर्म हा नव्हे. मी सांगते ते 'विश्वासी' लोकांचं. कडक काम. दागिना नको, टिकली नको, सिनेमा नको. टीव्ही म्हंजे सैतानाची पेटी. बुधवारी उपास-प्रार्थना, शुक्रवारी रात्रभर जागरण, रविवारी तीन तास आराधना. अण्णा भाऊंच्या जयंतीला फोटोला हार घातला तर मूर्तिपूजा. बाबासाहेबांच्या मिरवणुकीत चालली तर जगिक झाली. मजुरीतला दहावा हिस्सा देवाचा, आणि देवाची पेटी पास्टरच्या घरात.

आता हे सगळं परदेशातून आलेलं पार्सल आहे, असं म्हणून आपली पोरं हात झटकतात. झटकू नका. या पंथाच्या इतिहासात आपल्याच मातीतली एक जागा आहे. केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली पोरी रडून-ओरडून, अंग थरथरवत प्रार्थना करू लागल्या. जगभरचे पेंटेकॉस्टल आपल्या सुरुवातीत ती गोष्ट सांगतात. कोण होत्या त्या पोरी? विधवा, टाकलेल्या, दुष्काळातून उचलून आणलेल्या. ज्यांना घरात तोंड उघडायची बंदी होती, त्या देवासमोर गळा फाडून बोलल्या. रमाबाईंनी शास्त्र्यांचं ऐकलं नाही, आणि इंग्लंडातल्या ख्रिस्ती वडीलधाऱ्यांचंही मुकाट ऐकून घेतलं नाही. आज आमच्या संगतीत मात्र बाईनं डोक्यावर पदर घ्यायचा, आमेन म्हणायचं आणि नवरा हा मस्तक आहे हे दर रविवारी ऐकायचं. ओरडायची मुभा आहे. विचारायची नाही.

आमच्या घरात हा धर्म लग्नानंतर चार वर्षांनी आला. कारण दारू. नवरा मार्केट यार्डात हमाल. पाठीवर पोती, रात्री पोटात देशी. मार मी खाल्ला, पोरांनी पाहिला. सासूनं अंगारे आणले, मी मारुतीला नारळ फोडला, माझ्या भावानं दम दिला. काही झालं नाही. मग एका रात्री संगतीतले दोघं भाऊ आले. गटारीच्या कडेला पडलेल्या माणसाला त्यांनी उचललं, धुतलं, त्याच्याजवळ पहाटेपर्यंत बसले. दुसऱ्या रात्री परत आले. असे चाळीस दिवस आले. अकरा वर्षं झाली, माझ्या नवऱ्यानं थेंब घेतलेला नाही. हे मी नाकारणार नाही. ज्याला नाकारायचंय त्यानं माझ्या पाठीवरचे वळ मोजावेत आणि मग बोलावं.

मग सुटले कशी? पुस्तक वाचून नाही सुटले. जावेच्या गोळ्यांमुळं सुटले.

तिला क्षय झाला. सहा महिन्यांच्या गोळ्या, सरकारी, फुकट. तिसऱ्या महिन्यात खोकला थांबला, अंग भरलं. पास्टर म्हणाला, साक्ष दे. तिनं सगळ्यांसमोर उभं राहून प्रभूनं बरं केल्याची साक्ष दिली. साक्ष दिल्यावर गोळी खायची म्हंजे प्रभूला खोटं पाडायचं. तिनं गोळ्या बंद केल्या. मध्येच औषध सोडलं की क्षयाचे जंतू मरत नाहीत, मुरतात. मग साध्या गोळ्यांना जुमानत नाहीत. दवाखान्यातली नर्स हे घरी येऊन सांगून गेली. तिला दारातून परत पाठवलं. वर्ष भरायच्या आत जाऊ गेली. पास्टर म्हणाला, विश्वास कमी पडला. कुणाचा? तिचा. मेलेल्या बाईचा. मेल्यावरही गुन्हेगार तीच.

सगळे ख्रिस्ती असं करतात, असं मी म्हणत नाही. मिरजेला १८९४ साली दवाखाना काढला तो वॉन्लेस नावाच्या मिशनरी डॉक्टरनं. तोही प्रार्थना करत असेल. पण त्यानं हातात सुरी धरली. नुसते हात वर करून उभा राहिला नाही. देव मानणं वेगळं आणि देवाच्या नावानं गोळी हिसकावणं वेगळं. पहिल्याशी माझं भांडण नाही. दुसऱ्याशी मरेपर्यंत आहे.

तर माझा विश्वास गेला आणि नवऱ्याचा राहिला. तो राहणारच. माझ्यासाठी तो धर्म म्हंजे जावेची तिरडी. त्याच्यासाठी तो धर्म म्हंजे गटारीतून उचलणारे दोन हात. दोघंही खोटं बोलत नाही.

मी आराधनेला जायचं बंद केलं तेव्हा पास्टर घरी आला. नवऱ्याला म्हणाला, बायको मागं घसरली, विजोड झाली, सांभाळ. करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचा सहावा अध्याय काढून दाखवला. मी म्हणाले, पास्टर, पहिल्या पत्राचा सातवा अध्याय काढा. त्यात पौल सरळ सांगतो, की जोडीदार विश्वास ठेवत नसला पण नांदायला राजी असला, तर त्याला सोडू नका. पास्टरच्या बायबलात ती पानं चिकटलेली असावीत. माझ्या नवऱ्यानं ती वाचली, दोनदा वाचली, आणि म्हणाला, "पास्टर, ही राजी हाय. मी बी राजी हाय." त्या दिवशी मला माझा नवरा आवडला. देव नव्हे, नवरा.

आता आपल्या लोकांचं ऐका. मी मंडळीतून उठल्याचं कळल्यावर चळवळीतले भाऊ खूश. एक म्हणाला, ताई, आता भावजींना पण आणा. दुसरा म्हणाला, असल्या अंधश्रद्ध माणसाबरोबर राहताच कशा, सोडा. म्हंजे एकाला माझ्या हातून नवरा बाटवायचा आहे, आणि दुसऱ्याला माझा संसार मोडायचा आहे. पास्टर तरी वेगळं काय मागत होता? तुमच्या आमेनच्या जागी जयघोष, एवढाच काय तो फरक.

आणि आजवर धर्म कुणी सोडला, कुणी मागं आलं, ते बघा. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. निर्णय त्यांचा. सोवळ्यातल्या लक्ष्मीबाई पाच वर्षं वेगळ्या राहिल्या, नातेवाइकांचे टोमणे त्यांनी खाल्ले. पण पुढं त्या गेल्या त्या नवऱ्याच्या शेंडीला धरून नव्हे. जात देवानं केलेली नाही, माणसानं केली, हे त्यांनी स्वतःच्या डोक्यानं ठरवलं, मग १९०० साली बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रे'त त्यांनीच हे लिहून ठेवलंय. बामणाच्या घरातली बाई असली तरी हे तिचं तिचं आहे, ते तिला दिलं पाहिजे.

आपली रमाई बघा. देवभोळी, उपासतापास करणारी. तिला पंढरपूरला जायचं होतं. बाबासाहेब म्हणाले, जिथं आपल्याला दारातही उभं करत नाहीत त्या पंढरपूरला कशाला? आपण दुसरं पंढरपूर उभं करू. ही गोष्ट आपल्या घराघरात सांगतात. पण नीट ऐका. ते देवळावर रागावले, रमाईच्या भक्तीची टिंगल केली नाही. २७ मे १९३५ ला रमाई गेली. येवल्याची घोषणा १३ ऑक्टोबरची. ती ऐकायला रमाई नव्हती. नागपूरला १९५६ साली लाखो लोकांनी दीक्षा घेतली, त्यात लाखो बाया होत्या. कितीजणींनी मनानं घेतली आणि कितीजणी नवऱ्याच्या मागं उभ्या राहिल्या, हे घरोघरी विचारायला पाहिजे होतं. पुष्कळ घरांत म्हणूनच पेटीच्या तळाला जुने देव राहिले. बाईला विचारलं नाही की देव पेटीत लपतो.

पुरुष धर्म सोडतो तेव्हा घर त्याच्या मागं चालतं. बाई सोडते तेव्हा ती एकटी उंबऱ्यात उभी राहते. हा फरक ज्याला कळत नाही त्यानं मला क्रांती शिकवू नये.

कायद्याचंही तेच. ख्रिस्ती लोकांचा घटस्फोटाचा कायदा १८६९ चा. २००१ पर्यंत नवऱ्याला बायकोचा व्यभिचार दाखवला की पुरत होतं. बायकोला नवऱ्याचा नुसता व्यभिचार पुरत नव्हता, त्याला जोडून छळ किंवा टाकून देणं, असलं आणखी काही दाखवावं लागायचं. गोऱ्या साहेबानं लिहिलं आणि काळ्या साहेबानं पन्नासहून जास्त वर्षं जपलं. आज त्या कायद्यात जोडीदारानं दुसरा धर्म घेतला हे कारण चालतं. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यातही चालतं. पण मी दुसऱ्या धर्मात गेलेच नाही. मी नुसती बाहेर आले. एका पिंजऱ्यातून दुसऱ्या पिंजऱ्यात गेलेली बाई कायद्याला दिसते, उघड्यावर उभी राहिलेली दिसत नाही.

मुंबई हायकोर्टानं २०१४ साली निकाल दिला, की माणसाला 'मला धर्म नाही' असं सांगायचा हक्क आहे आणि सरकार त्याच्यावर धर्म लिहायची सक्ती करू शकत नाही. चांगलं झालं. पण आपल्या लोकांचं गणित वेगळं आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जात हिंदूंना बांधून ठेवली. १९५६ ला शीख घेतले, १९९० ला बौद्ध घेतले. ख्रिस्ती बाहेर. बाप्तिस्म्यानं मांगाची पाठ सरळ होते, विहीर मोकळी होते, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा वस्तीत येऊन राहावं. म्हणून आमच्यात रविवारचं नाव एक आणि दाखल्यावरचं एक. मी मंडळीच्या वहीत आहे, जातीच्या दाखल्यात आहे, आणि डोक्यानं दोन्हीकडं नाही. कुणी मला 'तू नक्की कोण' असं विचारलं तर मी म्हणते, मी ती बाई जिनं दोन पोरं काढली आणि जिला अजून कुणी 'तुझं काय मत' असं विचारलेलं नाही.

मग मीच ठरवलं. नवऱ्याशी भांडून नव्हे, बसून ठरवलं.

त्याची प्रार्थना त्याची. जेवणाआधी तो डोळे मिटतो, मी घास हातात धरून थांबते. आमेन म्हणत नाही, हसतही नाही. माझ्या घरात आलेल्या कुठल्याही कॉम्रेडनं त्याच्या डोळे मिटण्याची चेष्टा केली तर त्याला मी दार दाखवीन, आणि एकदा दाखवलं आहे. औषधाच्या बाबतीत देवाचं, पास्टरचं, नवऱ्याचं कुणाचंच चालणार नाही. ताप आला की दवाखाना, मग हवी तेवढी प्रार्थना. दहावा हिस्सा त्यानं त्याच्या मजुरीतून द्यावा, पण पोरांची फी आणि राशन भरल्यावर. माझ्या धुण्याभांड्याच्या पैशाला पेटी लागणार नाही. पोरं दोन्ही ऐकतील. बापाबरोबर रविवारी जातील, माझ्याबरोबर जयंतीला येतील, आणि अठराची झाली की त्यांचं ती ठरवतील. आणि जावेच्या पोरीला मी सांगणार आहे, की तुझ्या आईचा विश्वास कमी पडला नव्हता. गोळ्या कमी पडल्या होत्या.

शेवटचं त्याला पटायला सहा महिने लागले. तो रडला. पण पटलं.

ह्याला कुणी तडजोड म्हणेल. म्हणा. मी देवाशी तडजोड केलेली नाही, माणसाशी केली आहे. नवऱ्यानं मारून मला देवळात नेलं असतं तर तुम्ही मोर्चा काढला असता. मग मी त्याला टोचून टोचून देवाबाहेर काढलं तर ती क्रांती कशी? विवेकाचं स्वातंत्र्य घटनेच्या २५ व्या कलमात आहे. ते माझं आहे तसं त्याचंही आहे. फक्त ते त्याला जन्मापासून मिळालं, आणि मला बारा वर्षं नांदून घ्यावं लागलं.

आणि दोस्तहो, शेवटी एक हिशोब तुमच्याकडं. रात्री अकरा वाजता गटारीत पडलेल्या हमालाजवळ चाळीस रात्री बसणारी दोन माणसं आपल्या शाखेत आहेत का? पत्रक वाटणारे आहेत, भाषण ठोकणारे आहेत, कवी तर गल्लीगल्लीत आहेत. बसणारे किती? ते दोन हात आपल्याकडं असते तर माझ्या नवऱ्याला देवाची गरज पडली असती का, ते मला माहीत नाही. पण ते हात आधी तयार करा. मग खुशाल माझ्या दारात येऊन विचारा, ताई, भावजींना कधी आणताय?