गोदामाचा परवाना आणि शेजारची विहीर



पाऊस सुरू झाला की आपल्या बालाघाट जिल्ह्यात दोन रांगा हमखास दिसतात. एक डबल लॉक केंद्रावर युरियासाठी, दुसरी कृषी केंद्रावर औषधासाठी. जिल्हा धानाचा. 2021 साली आपल्या चिन्नोर तांदळाला जीआय मानांकनही मिळालं. खत-औषधाचं महत्त्व इथे कुणाला सांगायला नको. पण ही पोती आणि बाटल्या रांगेपर्यंत येण्याआधी कुठे ठेवलेल्या असतात, आणि तिथे ठेवायची परवानगी कोण देतं? या वेळी त्याबद्दल बोलू.

कागद मुख्यतः तीन प्रकारचे आहेत. पहिला खताचा. 1985 चा खत नियंत्रण आदेश हा अत्यावश्यक वस्तू कायद्याखाली निघालेला. त्यामुळे त्याचा सगळा भर खत मिळतंय का, भेसळ नाही ना, भाव बरोबर आहे का, यावर. दुसरा कीटकनाशकांचा. 1968 चा कायदा आणि 1971 चे नियम जागेबद्दलही बोलतात. औषधं इतर मालापासून वेगळ्या खोलीत किंवा कुलूपबंद कपाटात हवीत. खोली पक्की, कोरडी, उजेडाची आणि हवा खेळती हवी. हे दोन्ही कागद कृषी विभागाकडचे.

तिसरी पर्यावरणाची मंजुरी. तिची मुळं आपल्याच राज्यात, भोपाळमध्ये आहेत. 2-3 डिसेंबर 1984 च्या रात्री जिथून वायू सुटला, तो कारखाना कीटकनाशकाचाच होता. त्यानंतर 1986 चा पर्यावरण संरक्षण कायदा आला, 1989 मध्ये धोकादायक रसायनांच्या साठवणुकीचे नियम आले, आणि 2006 च्या अधिसूचनेने अशा मोठ्या साठ्यांना आधी पर्यावरण मंजुरी घेणं बंधनकारक केलं. या नियमांत एक फार चांगली गोष्ट आहे. अपघात झाला तर ज्यांना झळ बसेल, त्या आसपासच्या लोकांना धोका काय आणि तेव्हा करायचं काय, हे आधीच सांगून ठेवावं लागतं.

अडचण अशी की हे सगळं लागू होतं ते यादीतल्या रसायनाचा साठा ठरावीक मर्यादेच्या वर गेला तर. आम्ही संगणकवाले याला जर-तरची अट म्हणतो. साठा मर्यादेपेक्षा जास्त असेल तर पुढची तपासणी, नसेल तर सुटला. ही अट फक्त वजन बघते. भिंतीला लागून अंगणवाडी आहे की पडीक शेत, विहीर किती फुटांवर आहे, हे तिला दिसत नाही. आणि गावातलं साधं कृषी केंद्र त्या मर्यादेच्या बरंच खाली असतं.

नुसत्या गोदामाने काय होतं, असं वाटत असेल तर दोन उदाहरणं बघा. 1 नोव्हेंबर 1986 ला स्वित्झर्लंडमध्ये बाझेलजवळ सँडोझ कंपनीच्या गोदामाला आग लागली. आत हजार टनांहून जास्त रसायनं होती, बरीचशी शेतीची. आग विझवायला मारलेलं पाणीच ती रसायनं घेऊन ऱ्हाईन नदीत गेलं. नदी लाल झाली, मासे शेकडो किलोमीटरपर्यंत मेले. दुसरं अमेरिकेतल्या टेक्सासमधलं वेस्ट नावाचं छोटं गाव. 17 एप्रिल 2013 ला तिथल्या खताच्या गोदामात अमोनियम नायट्रेटचा स्फोट झाला आणि 15 माणसं गेली. शाळा, वृद्धांचं निवासस्थान, घरं, सगळं गोदामाच्या आसपासच होतं.

आपला युरिया तसा स्फोट होणारा नाही, म्हणून घाबरायचं कारण नाही. पण तो पाण्यात चटकन विरघळतो. ओलसर जमिनीवर फुटलेली पोती पडून राहिली तर त्यातून तयार होणारं नायट्रेट झिरपत विहिरीत उतरतं. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे, आणि जास्त झालं तर पहिला त्रास तान्ह्या बाळाला. पाणी उकळून ते जात नाही, उलट अधिक दाट होतं. शिवाय 2020 च्या ऑगस्टअखेरचा वैनगंगेचा पूर आपण विसरलेलो नाही. सखल भागातल्या गोदामात पाणी शिरलं तर तिथला माल बालाघाटात थांबत नाही, खाली गोंदिया-भंडाऱ्याच्या आपल्या नातेवाइकांकडे जातो.

मग करायचं काय? दुकानदाराशी भांडण नको, तो आपलाच माणूस. पण घराशेजारी गोदाम असेल तर चार गोष्टी बघा. औषधं आणि खत वेगळ्या खोल्यांत आहेत का? पोती जमिनीवर आहेत की लाकडी फळ्यांवर? धुतलेलं पाणी कुठे जातं? आग लागली तर आत काय आहे, हे अग्निशमन दलाला माहीत आहे का? साठवणुकीचा पत्ता परवान्याच्या कागदांत असतो. तो जिल्ह्याच्या कृषी उपसंचालकांच्या कार्यालयातून माहितीच्या अधिकारात मागता येतो. अर्जाला 10 रुपये, उत्तराला 30 दिवस. विहिरीचं पाणीही एकदा तपासून घ्या, नायट्रेटसकट.

भोपाळच्या त्या कारखान्यातला 337 टन कचरा पीथमपूरला हलवायला 2025 साल उजाडलं. चाळीस वर्षं लागली. त्या मानाने चार प्रश्न विचारायला एक संध्याकाळ पुरते. रोवणीच्या आधी, गोदामं भरायच्या सुमारास विचारलेत तर उत्तम.

पुढच्या अंकात भेटू.