खुर्चीचे चामडे

ईम्स दांपत्याने १९५८ साली रचलेली ॲल्युमिनियमची खुर्ची चामडे चढताच साहेबी अधिकाराची खूण ठरली. चामडे कमावणारे हात मात्र महाड-पोलादपूरच्या गावगाड्यात विटाळाचेच मानले गेले होते. महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे अस्पृश्यांस खुले केले, पण केवळ ठरावापुरते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांसह हजारो माणसे तळ्यावर गेली, तेव्हा कुठे त्या ठरावाला अर्थ आला. ऑगस्टमध्ये पालिकेने तो मागेही घेतला. हायकोर्टाचा न्याय मिळायला १९३७ साल उजाडले. कचेरीतल्या खुर्चीकडून ठराव मिळवला की काम संपले, असे मानणाऱ्या कार्यकर्त्यांनी हा इतिहास ध्यानी घ्यावा. पाठीशी संघटित माणसे नसतील, तर खुर्ची दिलेला शब्द सहज फिरवते.